निरंकुश सत्ता आणि आज्ञाधारकाची जबाबदारी

गेल्या हिवाळ्यात एका रात्री इशाच्या नमाजनंतरचा दर्स संपला, तेव्हा महाविद्यालयात शिकणारी चार-पाच मुले मशिदीच्या ओसरीवर वाद घालत बसली होती. आधुनिक काळातील हुकूमशहांपैकी आपल्या देशात सर्वाधिक सत्ता कोणाच्या हाती होती, असा त्यांचा विषय होता. एक जण हिटलरचे नाव घेत होता, दुसरा स्टॅलिनचे, तिसरा उत्तर कोरियाच्या किम घराण्याचे. फलंदाजांच्या धावांची तुलना करावी तशा उत्साहाने ही तुलना चालली होती. मी बाहेर येताच त्यांनी मला पंच नेमले. इतका वेळ गप्प बसलेला, त्यांच्यातला सर्वांत लहान मुलगा तेवढ्यात म्हणाला, "मौलाना, ज्याच्या हाती सगळीच सत्ता होती त्याच्या शिपायाला दोष कसा द्यायचा? हुकूम मोडला असता तर तोच मेला असता."

बाकीची मुले हसली. मला मात्र हसू आले नाही. त्यांचा वाद इतिहासाचा होता, या मुलाचा प्रश्न नीतीचा होता, आणि दोन्ही एकमेकांत गुंतलेले होते. सत्ता खरोखरच निरंकुश असेल तर पापाचा सगळा भार एकट्या सत्ताधीशाच्या माथी जातो आणि त्याचे लाखो हस्तक निर्दोष ठरतात. हस्तक दोषी असतील, तर ती सत्ता आपण म्हणतो तितकी निरंकुश नव्हती असे मानावे लागते. म्हणून कोणाची सत्ता किती होती हे मोजणे वरवर वाटते तितके रिकामटेकडे काम नाही. मी त्या मुलाकडून आठवडाभराची मुदत मागून घेतली. त्या आठवड्यात जे वाचले आणि जे मनात आले, ते आपल्यापुढे ठेवत आहे.

प्रथम माप ठरवले पाहिजे. किती माणसे मारली गेली यावरून सत्ता मोजण्याचा मोह होतो. परंतु त्यावरून क्रौर्य कळते, सत्तेची व्याप्ती कळत नाही. व्याप्ती जाणायची तर तीन प्रश्न विचारावे लागतील. त्या सत्ताधीशाला पदावरून दूर करू शकेल अशी एखादी सभा, संस्था किंवा व्यक्ती देशात उरली होती काय? त्याचा हुकूम माणसाच्या घरात, ताटात आणि अंतःकरणात कुठवर पोहोचत होता? आणि त्याचा हुकूम अमलात आणणाऱ्या माणसाला 'नाही' म्हणून जिवंत राहता येत होते काय?

पहिल्या प्रश्नाच्या कसोटीवर इटलीचा मुसोलिनी बराच खाली येतो. तो १९२२ साली पंतप्रधान झाला, विरोधी पक्ष मोडले, वृत्तपत्रे ताब्यात घेतली. 'एकछत्री राज्य' हा शब्द त्याच्या अनुयायांनीच मोठ्या अभिमानाने मिरवला. तरीही राजा गादीवर होता, पोपची स्वतंत्र सत्ता होती, आणि १९२९ च्या करारान्वये तिला मुसोलिनीनेच मान्यता दिली होती. जुलै १९४३ मध्ये युद्धाचे पारडे फिरले. २४ जुलैच्या रात्री त्याच्याच पक्षाच्या सर्वोच्च परिषदेची बैठक भरली आणि उजाडण्यापूर्वी तेथे हजर असलेल्या २८ सदस्यांपैकी १९ जणांनी त्याच्याविरुद्ध मत दिले. त्याच दिवशी राजाने त्याला बडतर्फ करून अटकेत टाकले. वीस वर्षांहून अधिक काळ चाललेली सत्ता एका रात्रीच्या मतदानाने संपली. अंकुश तेथे होता. तो उचलणारे हात वीस वर्षे उचलले गेले नव्हते, इतकेच.

हिटलरच्या जर्मनीत असा अंकुश ठेवलाच गेला नाही. ३० जानेवारी १९३३ रोजी तो चॅन्सेलर झाला. मार्चमध्ये संसदेने कायदे करण्याचा आपला अधिकार त्याच्या मंत्रिमंडळाला देऊन टाकला. ऑगस्ट १९३४ मध्ये राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग वारले, तेव्हा ते पदही त्याने आपल्याकडे घेतले आणि सैनिकांना त्याच्या नावाने शपथ घ्यायला लावली. १९३८ च्या फेब्रुवारीनंतर मंत्रिमंडळाची बैठक पुन्हा भरली नाही. एप्रिल १९४२ मध्ये संसदेने जाहीर केले की, कोणत्याही कायद्याचे बंधन न मानता तो कोणालाही पदच्युत करू शकेल. कागदावर याहून पूर्ण सत्तेची कल्पना करणे कठीण आहे.

मात्र कागद आणि वस्तुस्थिती यांत येथेही अंतर होते. मनोरुग्ण आणि अपंग अशा सत्तर हजारांहून अधिक जर्मन नागरिकांना त्याच्या राजवटीने विषारी वायूने मारले होते. ३ ऑगस्ट १९४१ रोजी म्युन्स्टर शहराचे बिशप फॉन गॅलेन यांनी चर्चमध्ये उभे राहून या हत्यांचा उघड निषेध केला. त्यांच्या प्रवचनाच्या प्रती हातोहात पसरल्या. त्या वाटणाऱ्यांपैकी अनेकांना शिक्षा भोगाव्या लागल्या, बिशपांना मात्र हात लावण्याचे धाडस राजवटीला झाले नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस हिटलरने ती वायुकेंद्रांची मोहीम थांबवण्याचा हुकूम दिला. इस्पितळांतल्या हत्या गुपचूप पुढे चालूच राहिल्या, हेही सांगितले पाहिजे. तरीसुद्धा जो मनुष्य सर्व कायद्यांच्या वर होता त्याला आपल्याच जनतेची कुजबुज मोजावी लागली. ज्यूंसाठी असे प्रवचन कोणत्या व्यासपीठावरून झाले असते तर काय घडले असते, हा प्रश्न इतिहासाच्या वहीत कोराच राहिला आहे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही जर्मनीच्याच कागदपत्रांत सापडते, आणि ते वाचून मी फार वेळ सुन्न बसलो होतो. हॅम्बुर्ग शहरातील राखीव पोलिसांची सुमारे ५०० जणांची एक तुकडी होती, क्रमांक १०१. त्यातली बहुतेक माणसे मध्यमवयीन, कुटुंबवत्सल आणि साध्या व्यवसायातली होती. १३ जुलै १९४२ रोजी पहाटे पोलंडमधील युझेफुफ गावाबाहेर त्यांना उभे करण्यात आले. गावातल्या ज्यू स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांना गोळ्या घालायच्या आहेत, असा हुकूम सांगताना तुकडीप्रमुख मेजर ट्राप यांच्या डोळ्यांत पाणी होते. त्यांनी असेही सांगितले की, वयस्क जवानांपैकी ज्याला हे काम आपल्याकडून होणार नाही असे वाटते, त्याने पुढे यावे. डझनभर माणसे पुढे आली. त्यांना दुसरे काम देण्यात आले. कोणालाही तुरुंगात टाकले नाही, कोणालाही गोळी घातली नाही. उरलेल्यांपैकी काही जण काम सुरू झाल्यावर मागे सरले. बाकीच्यांनी संध्याकाळपर्यंत सुमारे दीड हजार माणसे मारली. युद्धानंतर अशा हस्तकांवर खटले चालले. निःशस्त्र नागरिकांना मारण्यास नकार दिल्यामुळे एखाद्या जर्मनाला प्राणास मुकावे लागले, असे एकही उदाहरण त्यांच्या वकिलांना पुराव्यानिशी दाखवता आले नाही.

वाचकहो, त्या लहान मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते. "हुकूम मोडला असता तर तोच मेला असता" हे वाक्य त्या पहाटेपुरते तरी खोटे होते. ज्यांनी गोळ्या झाडल्या त्यांना भीती मृत्यूची नव्हती. सोबत्यांत भित्रा म्हणवून घेण्याची, रांगेतून एकटे बाहेर पडण्याची ती भीती होती.

परंतु हे उत्तर सगळ्याच देशांना लागू करणे अन्यायाचे होईल. स्टॅलिनचा रशिया पाहा. हिटलरने जुन्या सोबत्यांवर एकदा, जून १९३४ मध्ये, तलवार चालवली. स्टॅलिनने आपल्याच पक्षाचा कणा वर्षानुवर्षे मोडला. १९३४ च्या पक्षअधिवेशनात मध्यवर्ती समितीवर १३९ सदस्य व उमेदवार निवडून आले होते. त्यांपैकी ९८ जणांना पुढील काही वर्षांत अटक करून गोळ्या घालण्यात आल्या. जुलै १९३७ मध्ये गुप्त पोलिसांचा ००४४७ क्रमांकाचा आदेश निघाला. धान्याची वसुली ठरवावी तशी त्यात प्रत्येक प्रांतासाठी, किती जणांना गोळ्या घालायच्या आणि किती जणांना छावणीत पाठवायचे, याची संख्या नेमून दिली होती. १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत राजकीय आरोपांखाली देहान्त शासन झालेल्यांची सोव्हिएत दप्तरातील संख्या ६,८१,६९२ आहे. कालिनिन हे देशाचे नामधारी राष्ट्रप्रमुख होते. ते त्या पदावर बसून सह्या करीत असताना त्यांची पत्नी १९३८ पासून सात वर्षे कैदेत होती. मोलोतोव्ह यांच्या पत्नीला पक्षातून काढण्याचा ठराव आला तेव्हा त्यांनी मत देण्याचे टाळले. पुढे तेवढ्याबद्दलही त्यांनी लेखी खेद व्यक्त केला, आणि पत्नीची अटक मुकाट्याने पाहिली. राजवाड्यातल्या माणसाच्या घराची ही स्थिती, मग झोपडीतल्या माणसाने 'नाही' म्हणावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? आदेशावर सही करणारा पोलीसप्रमुख येझोव्ह स्वतः १९४० साली गोळीने मारला गेला. येथे नकाराची किंमत खरोखरच प्राण हीच होती.

आणि तरीही त्याच १९३७ सालची एक गोष्ट विसरता येत नाही. जानेवारीत देशाची जनगणना झाली. तीत सोळा वर्षांवरील प्रत्येकाला, तुम्ही धर्म मानता की नाही, असे विचारण्यात आले. दोन दशके धर्माविरुद्ध प्रचार झाला होता, हजारो मशिदी आणि चर्च बंद पडली होती, आणि प्रश्न विचारणारा सरकारी मनुष्य दारात उभा होता. अशा वेळी उत्तर देणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी 'मानतो' असे सांगितले. लोकसंख्येचे आकडेही राजवटीच्या अपेक्षेपेक्षा कमी भरले होते. निकाल दडपण्यात आला आणि जनगणनेच्या प्रमुख अधिकाऱ्यांना अटक झाली. काहींना प्राण गमवावे लागले. ज्याच्या भयाने पॉलिटब्युरो थरथरत होते, त्याला दारातल्या म्हाताऱ्या बाईच्या एका शब्दावर पडदा टाकावा लागला.

सत्ता स्थिर नसते. ती वाढते, आणि इतरांच्या मौनावर वाढते, हे चीनमध्ये स्पष्ट दिसते. १९५८ साली माओंनी 'मोठी झेप' जाहीर केली. शेती कम्यूनमध्ये गेली, घरोघरच्या चुली विझल्या, वरिष्ठांना खूश करण्यासाठी पिकांचे फुगवलेले आकडे वर गेले आणि त्या आकड्यांनुसार धान्य उचलले गेले. जुलै १९५९ मध्ये लुशान येथे पक्षनेत्यांची बैठक भरली, तेव्हा संरक्षणमंत्री पेंग दहुआई यांनी माओंना पत्र लिहून या धोरणाचे दोष सविनय मांडले. मोजके दोन-चार सहकारी त्यांच्या बाजूने उभे राहिले. इतरांनी माओंचा रोख ओळखून पेंग यांचाच धिक्कार केला. पेंग पदच्युत झाले, दुष्काळ पुढे चालू राहिला. त्यात दीड कोटीपासून साडेचार कोटीपर्यंत माणसे मेल्याचे वेगवेगळ्या अभ्यासकांचे अंदाज आहेत. लुशानला माओंच्या पाठीशी राहिलेल्यांत लिऊ शाओची हेही होते. १९६२ साली त्यांनीच या आपत्तीचा मोठा भाग मानवनिर्मित असल्याचे भर सभेत बोलून दाखवले, आणि माओंना काही काळ माघार घ्यावी लागली. म्हणजे तोवर अंकुश शिल्लक होता. तो तीन वर्षे आधी उचलला गेला असता तर? पुढे सांस्कृतिक क्रांतीत लिऊ यांचाच बळी गेला. १९६९ मध्ये ते कैदेत, उपचारांवाचून मेले. पेंग एकटे पडले त्या दिवशी लिऊ यांच्याभोवतीची भिंतही ढासळली होती. ते त्यांना तेव्हा दिसले नाही.

दुसऱ्या प्रश्नाची, म्हणजे घर, ताट आणि अंतःकरण यांची कसोटी लावली, तर एका छोट्या देशाचे नाव घ्यावे लागते. अल्बानिया. लोकसंख्येत मुस्लिम बहुसंख्य, सोबत ऑर्थोडॉक्स आणि कॅथलिक ख्रिस्ती. तेथे एन्व्हर होजा याने १९४४ पासून १९८५ मध्ये मरेपर्यंत राज्य केले. होजाचे नाव जगाच्या इतिहासात हिटलर-स्टॅलिन यांच्यानंतरच येते. परंतु १९६७ मध्ये त्याने जे केले ते त्या दोघांनीही केले नव्हते. देशातील दोन हजारांहून अधिक मशिदी, चर्च, तकिये व मठ बंद करण्यात आले. काही पाडले गेले, काहींची गोदामे आणि क्रीडागृहे झाली. १९७६ च्या राज्यघटनेत, राज्य कोणताही धर्म मानत नाही, असे लिहिले गेले. धार्मिक वळणाची नावे बदलण्याचा हुकूम निघाला. रमजानमध्ये शाळांत आणि कारखान्यांत खाद्यपदार्थ पुढे करून कोण नाकारतो ते पाहिले जाई, असे त्या काळातून आलेले लोक सांगतात. देशाच्या सीमा अशा बंद होत्या की, कोलकात्यात सेवा करणाऱ्या मदर तेरेसा यांना तिराना येथे राहणाऱ्या आपल्या आईची अखेरची भेटही घेता आली नाही. १९७२ मध्ये ती माउली मुलीला न पाहताच गेली.

हाफिज साब्री कोची नावाचे एक आलिम या राजवटीत वीसहून अधिक वर्षे कैदेत होते. ते सुटले तेव्हाही देशात नमाजवर बंदीच होती. नंतर राजवटीची पकड सैल होऊ लागली. १६ नोव्हेंबर १९९० रोजी, बंदी उठण्याची औपचारिकता पुरी होण्याआधीच, श्कोदर शहरातील अठराव्या शतकातल्या 'शिशाच्या मशिदी'समोर हजारो लोक जमले आणि कोची यांनी जुम्याची नमाज पढवली. त्याआधी काही दिवस त्याच शहराच्या दफनभूमीत कॅथलिकांनी आपली प्रार्थना केली होती. तेवीस वर्षांत एक संपूर्ण पिढी अजान न ऐकता वाढली होती. त्या दिवशी कित्येकांना रकातींचा क्रमही ठाऊक नसेल. तरी ते आले. आजीने बंद दाराआड नातवाच्या कानात जे सांगितले होते, ते कोणत्याही दप्तरात नोंदले गेले नव्हते, म्हणून जप्तही झाले नव्हते.

आता एक गोष्ट कठोरपणे सांगितली पाहिजे. हा विषय निघाला की आपण हिटलर, स्टॅलिन आणि होजा यांची नावे मोकळेपणाने घेतो, आणि आपल्याच दुनियेतल्या अत्याचाऱ्यांपाशी आल्यावर आवाज खाली करतो. हा न्याय नव्हे. सद्दाम हुसेन जुलै १९७९ मध्ये इराकचा राष्ट्राध्यक्ष झाला. त्याच महिन्याच्या २२ तारखेला त्याने आपल्या पक्षाच्या नेत्यांची सभा बगदादमध्ये बोलावली. सभेचे चित्रीकरण केले गेले. व्यासपीठावरून कथित गद्दारांची नावे एकेक करून वाचली जात होती, आणि ज्याचे नाव येई त्याला सभागृहाबाहेर नेले जाई. साठांहून अधिक नावे वाचली गेली. ज्यांची नावे आली नाहीत ते घामाघूम होऊन, उभे राहून सद्दामचा जयजयकार करू लागले. बाहेर नेलेल्यांपैकी बावीस जणांना मृत्युदंड झाला, आणि त्यांच्यावर गोळ्या झाडण्यासाठी वाचलेल्या नेत्यांच्याच हाती बंदुका देण्यात आल्या. सद्दामला मारेकऱ्यांची वाण नव्हती. त्याला प्रत्येकाच्या हाताला रक्त लागलेले हवे होते. कारण ज्याचे हात रंगले तो उद्या अंकुश उचलणार नाही, हे तो जाणून होता. सत्ता आपल्या एकट्याच्या बळावर उभी नाही, हे हुकूमशहाइतके पक्के कोणालाच ठाऊक नसते.

मग त्या सभागृहात बंदूक हाती घेणाऱ्याला काय म्हणावे? इस्लामी फिक्ह, म्हणजे धर्मशास्त्र, या प्रश्नाला 'इकराह' या प्रकरणात सामोरे जाते. इकराह म्हणजे बळजबरी. आपल्या फुकहांनी, शास्त्रकारांनी, तिच्या पायऱ्या केल्या आहेत. प्राण किंवा अवयव गमावण्याची खरीखुरी धमकी ही एक पायरी. मारहाण, कैद किंवा नुकसान यांची धमकी ही तिच्याखालची. धमकी देणारा ती खरी करण्यास समर्थ आहे काय, आणि ती ऐकणाऱ्याला तशी खात्री आहे काय, हेही पाहिले जाते. म्हणजे सत्ता किती निरंकुश होती हे मोजल्यावाचून दोष किती हे ठरवता येत नाही, ही गोष्ट आपले शास्त्रकार शेकडो वर्षांपूर्वी ओळखून होते.

या मोजमापात दया आहे. मक्केत सहाबी अम्मार बिन यासिर (रजि.) यांचा अनन्वित छळ झाला, त्यांच्या मातोश्री सुमय्या (रजि.) यांना ठार करण्यात आले. छळाखाली अम्मार यांच्या तोंडून छळकर्त्यांना हवे ते शब्द निघाले आणि ते रडत प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आले. प्रेषितांनी त्यांना त्यांच्या अंतःकरणाची स्थिती विचारली. ते ईमानवर स्थिर आहे असे कळल्यावर त्यांना दिलासा दिला. अल्बानियात भर सभेत धर्म नाकारून घरी येऊन रडलेल्या माणसाला, मोलोतोव्हसारख्या भेदरलेल्या नवऱ्याला नव्हे तरी त्याच्या दाराबाहेरच्या गरीब कारकुनाला, या दयेचा वाटा निश्चित आहे. जिभेवर बळजबरी झाली तर जिभेला माफी आहे.

परंतु याच मोजमापाला एक सीमा आहे. 'अमक्याला मार, नाहीतर तुला मारतो' अशी धमकी मिळाली, तरी निरपराध माणसाचा जीव घेण्याची परवानगी मिळत नाही, यावर फुकहांचे एकमत आहे. शिक्षा बळजबरी करणाऱ्याला द्यावी, मारणाऱ्याला द्यावी की दोघांना, याच्या तपशिलात मतभेद आहेत. मारणारा पापमुक्त होतो असे मात्र कोणीही म्हटलेले नाही. याचे कारण साधे आहे. माझा जीव मला प्रिय आहे, पण तो समोरच्याच्या जिवाहून अधिक मोलाचा आहे हे मला कोणी सांगितले? पवित्र कुरआनात फिरऔनचा वृत्तांत वारंवार येतो, आणि तेथे फिरऔन एकटा दोषी ठरत नाही. त्याचा हामान आणि त्याची सेनाही त्याच्यासोबत दोषी ठरतात. त्याच दरबारातले जादूगार हातपाय तोडण्याची धमकी ऐकूनही मागे फिरले नाहीत, हेही तेथेच सांगितले आहे. एकच राजा, एकच धमकी, आणि दोन प्रकारची माणसे.

हे लक्षात घेतले म्हणजे 'तो सर्वशक्तिमान होता' या वाक्यातली गोम दिसू लागते. फेब्रुवारी १९५६ मध्ये ख्रुश्चेव्ह यांनी बंद दाराआड भाषण करून स्टॅलिनचे अपराध उघड केले. ते मोठे धाडस होते आणि त्याने असंख्य कैद्यांची सुटका सुकर झाली, हे नाकारू नये. परंतु त्या भाषणात जवळजवळ सारा दोष एका मृत माणसाच्या व्यक्तिपूजेवर ठेवला गेला. १९३७ मध्ये मॉस्कोच्या पक्षसंघटनेचे प्रमुख स्वतः ख्रुश्चेव्ह होते. नेमून दिलेल्या संख्या अपुऱ्या पडतात, त्या वाढवून द्याव्यात, अशी मागणी प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांनी आपणहून केली होती. मेलेल्या हुकूमशहाची सत्ता जितकी मोठी करून सांगावी, तितके जिवंत हस्तकांचे ओझे हलके होते. अमर्याद सत्ता हा केवळ अल्लाहचा गुण आहे असे आपण मानतो. एखाद्या मानवाला तो गुण बहाल करणे ही श्रद्धेची चूक आहेच. शिवाय ती आपल्या कर्माचा हिशेब दुसऱ्याच्या खात्यावर मांडण्याची युक्तीही आहे.

ठरलेल्या मुदतीनंतर मुले पुन्हा ओसरीवर जमली. मी त्यांना सांगितले की, मुसोलिनीची सत्ता सर्वांत पोकळ होती. हिटलरला दूर करणारे कोणी उरले नव्हते, तरी तो आपल्या जनतेची नाराजी जोखत राही. आपल्याच सहकाऱ्यांवर स्टॅलिनइतकी पकड कोणाचीही नव्हती. अंतःकरणाच्या दारापर्यंत होजा सर्वांत पुढे गेला. आणि उत्तर कोरियाच्या किम घराण्याने सत्ता १९९४ मध्ये मुलाकडे व २०११ मध्ये नातवाकडे सोपवून तिला वारसाहक्काचे रूप दिले. तरीही तेथेसुद्धा १९९० च्या दशकातील दुष्काळात उपाशी बायाबापड्यांनी परवानगी न विचारता बाजार मांडले, आणि ते पूर्णपणे बंद करणे राजवटीला जमले नाही. मग मी त्या लहान मुलाला म्हटले, "बेटा, शिपायाला दोष देण्यापूर्वी त्याच्या डोक्यावर खरोखर कोणती तलवार होती ते पाहायचे. ती खरी असेल तर त्याच्या शब्दांना माफ करायचे, त्याच्या मौनालाही माफ करायचे. पण त्याने दुसऱ्याचा गळा कापला असेल, तर तलवार कितीही मोठी असो, तो गळा त्याचा हिशेब मागणारच."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आणि मौलाना, तलवार नसेल, नुसती लाज असेल तर?"

या प्रश्नाने मला माझ्याच मकतबात नेऊन उभे केले. काही वर्षांपूर्वी मी एका मुलाला चोरीच्या संशयावरून सर्वांसमोर कान धरून उभे केले होते. तीसएक मुले बसली होती. त्यांतल्या चार-पाच जणांना तो निर्दोष असल्याचे ठाऊक होते, हे मला नंतर कळले. कोणीही बोलले नाही. त्या शांततेचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. शिस्त कशी असावी ते पाहा, असे मी मनाशी म्हटले होते. माझ्या हाती फौज नव्हती, तुरुंग नव्हता. होती ती एक छडी आणि उस्तादाची भीड. तेवढ्या सामग्रीवर मी तीस मुलांच्या जिभा बंद केल्या होत्या आणि एका निरपराध मुलाला अपमानित केले होते. सत्य कळल्यावर मी त्याची सर्वांसमोर क्षमा मागितली. पण बोलण्याचे धाडस न झालेल्या त्या चार-पाच मुलांना मी काय शिकवले होते, हा सल अजून आहे.

वाचकहो, आपल्यापैकी कोणाच्या वाट्याला युझेफुफची पहाट किंवा बगदादचे ते सभागृह येऊ नये, अशी अल्लाहपाशी दुआ आहे. मात्र घरातला कर्ता, वर्गातला शिक्षक, कचेरीतला साहेब, मोहल्ल्यातला पुढारी आणि मिंबरवरचा इमाम यांच्यासमोर आपण रोज बसतो, आणि कोणासमोर तरी आपणही त्या जागी असतो. तेथे बहुतेक वेळा तलवार नसतेच, लाज आणि भीड असते. इकराहच्या प्रकरणात भिडेला कोणत्याही शास्त्रकाराने माफीची पायरी दिलेली नाही. म्हणून त्या मुलाला मी इतकेच उत्तर दिले की, नुसती लाज असेल तर बोलायचे. आणि पहिल्यांदा माझ्यासमोरच बोलून पाहायचे.

आता मकतबात दर आठवड्याला एक तास मी मुलांना माझी चूक दाखवण्यासाठी ठेवला आहे. पहिले दोन आठवडे कोणीच बोलले नाही. तिसऱ्या आठवड्यात एका मुलाने उभे राहून सांगितले की, मी त्याचे नाव सतत चुकीचे उच्चारतो. त्याचे म्हणणे खरे होते.